नवोदित गायक-वादकांच्या खोलीसाठी दरमहा देणगी कशी उभी करावी? (नाशिक)

गोदाकाठ:
गंगापूर रोडला आमची एक खोली आहे. नवी मुलं-मुली येतात, स्वतःची गाणी बसवतात, कच्चं रेकॉर्डिंग करतात. भाडं ९,०००, वीज दीड हजार, तारा-केबल-दुरुस्ती धरून महिन्याला १२,००० लागतात. फी लावायची नाही, बिल्डरचा फलकही नको. सध्या जे काही येतं ते एकाच्या खासगी यूपीआयवर. देणगीवर हे चालेल का?

अनवट:
चालेल, पण आधी ते खासगी यूपीआय बंद करा. सगळी रक्कम त्या मुलाच्या नावावर जमा दिसते, आणि तो पुण्याला नोकरीला गेला की हिशेबही त्याच्याबरोबर जातो. किमान सात जण मिळून धर्मादाय कार्यालयात संस्था नोंदवा; मग पॅन, मग संस्थेच्या नावाचं खातं. तोवर लोकांकडे वर्गणी मागायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क खाली परवानगी काढा, गणेश मंडळं काढतात तीच.

सम_चुकली:
१२,००० म्हणजे दरमहा २०० देणारे ६० जण. ७५ धरा, कारण खात्यात शिल्लक नाही म्हणून काही ऑटोपे (खात्यातून दरमहा आपोआप होणारी कपात) दर महिन्याला परत जातातच. कपातीची तारीख ५ ते ७ ठेवा, पगार झाल्या झाल्या. २५ ठेवलीत तर गळती ठरलेली. एकच मोठा देणगीदार नको. तो थांबला की खोली बंद.

कार्यक्रमात देणगी मागायची ती शेवटच्या गाण्याआधी. नंतर लोक चपला शोधत असतात. 'हातभार लावा' हे मोघम झालं. '३०० रुपयांत एका दिवसाचं भाडं निघतं' असं सांगा. क्यूआर स्कॅन केल्यावर संस्थेचंच नाव दिसलं पाहिजे, भलतं दिसलं की फोन खिशात जातो. हॉल तळघरात असेल तर रेंज आधी बघा.

गोदाकाठ:
८०जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी नोंदणी, नसताना लोक देतील? आणि अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून घेता येतं का?

अनवट:
२०० देणारा ८०जी विचारत नाही. नवीन करप्रणालीत ती वजावटच नाही, त्यामुळे बऱ्याच नोकरदार तरुणांना तिचा उपयोग शून्य. वीस-पंचवीस हजार देणारे ज्येष्ठ असतील तर जरूर काढा. मग २,००० वरची रोकड टाळा (वजावट मिळत नाही), पॅन-पत्ता पावती फाडतानाच घ्या, आणि देणगीदारांचं विवरणपत्र आयकर खात्याकडे ३१ मेपर्यंत भरा. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. तिकिटाचे किंवा टी-शर्टचे पैसे देणगी म्हणून दाखवू नका.

नातेवाइकांचं म्हणाल तर पासपोर्ट बघा. भारतीय असेल, मग ग्रीन कार्ड का असेना, स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेलं चालतं. नागरिकत्व बदललेल्या मामाकडून मात्र एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय एक डॉलरही नको.