सातशे एमबीची फाइल आठ टीबीची दिसतेय: ट्रंकेट करू की डीबगएफएस वापरू?

रेवा_ध्वनी:
लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइल-सिस्टीमच्या डिस्कवर आईच्या आवाजातलं ६९ मिनिटांचं वेव्ह रेकॉर्डिंग आहे. परवा जागा नाही म्हणून बॅकअप अडला. बघते तर फाइलींची यादी देणाऱ्या एलएसमध्ये त्या फाइलचा आकार ८७९६८२४९२८३२८ बाइट, आणि डिस्कवर खरी व्यापलेली जागा दाखवणारं डीयू मात्र ६९९ एमबीच सांगतंय. डिस्क अनमाउंट करून एफएससीके (फाइल-सिस्टीममधल्या चुका शोधणारी कमांड) सक्तीने चालवलं, एकही चूक निघाली नाही. फाइल वाजते. आता ट्रंकेटने कापू, डीबगएफएसने इनोडमधला (डिस्कवर फाइलची माहिती असते त्या नोंदीतला) आकार बदलू, की कॉपी काढून मूळ फाइल उडवू? आई आता नाही आणि दुसरी प्रत नाही, म्हणून हात लावायला धजत नाहीये.

इनोडकर:
एफएससीके गप्प बसलं ते बरोबरच आहे. शेवटी नुसतं भोक (आकारात मोजला जाणारा, पण डिस्कवर जागा न घेणारा भाग) असलेली स्पार्स फाइल नियमात बसते, आणि ४ केबीच्या ब्लॉकवर ईएक्सटी४ची मर्यादा १६ टीबी आहे. डीबगएफएस नकोच. ते कर्नलला आणि जर्नलला (बदलांची आधी नोंद ठेवणाऱ्या वहीला) वळसा घालून थेट डिस्कवर लिहितं, इनोडचा एक आकडा चुकला की भलतीच फाइल बिघडते. ट्रंकेट चालेल, पण किती बाइटांवर कापायचं ते अंदाजाने ठरवू नका. वेव्हच्या हेडरमध्ये ‘रिफ’ या चार अक्षरांनंतरच्या चार बाइटांत लांबी लिहिलेली असते. त्यात ८ मिळवा.

रेवा_ध्वनी:
हेडरमध्ये ७३१९०६११२ निघाले, म्हणजे खरा आकार ७३१९०६१२०. फाइलची माहिती देणाऱ्या स्टॅट कमांडमध्ये १४२९५२० ब्लॉक दिसतात.

इनोडकर:
जुळतंय. ५१२ बाइटांचे १४२९५२० म्हणजे ४ केबीचे १७८६९०. डेटाला १७८६८९ लागतात, उरलेला एक एक्स्टेंट-ट्रीचा, म्हणजे डेटा डिस्कवर कुठे आहे त्या यादीचा. डेटा पूर्ण आहे, काळजी करू नका.

बिट_बिट:
थांबा, कापायच्या आधी दोन्ही आकड्यांची वजाबाकी करा. ८७९६०९३०२२२०८ येतात, म्हणजे बरोबर २चा ४३वा घात. एकच बिट उलटलंय! मेटाडेटा_सीसम (इनोडसारख्या नोंदींसोबत पडताळणीचा आकडा, म्हणजे चेकसम, ठेवणारी सोय) चालू आहे का? असेल तर डिस्कवर बिट उलटल्यावर इनोडचा चेकसम जुळला नसता आणि फाइल उघडलीच नसती. म्हणजे आकडा डिस्कवर जाण्याआधीच बिघडला, चुकीच्या आकड्यावरच चेकसम काढला गेलाय, आणि संशय रॅमवर जातो. त्या मशीनवर काहीही लिहू नका. आधी मेमटेस्ट, म्हणजे रॅमची तपासणी.

इनोडकर:
हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. रेवाताई, डिस्क दुसऱ्या मशीनला रीड-ओन्ली लावा, हेड -सी ७३१९०६१२० ने फक्त पहिल्या तेवढ्या बाइटांची प्रत काढा. मूळ फाइलला प्रत पूर्ण ऐकून झाल्यावरच हात लावा.

रेवा_ध्वनी:
मेटाडेटा_सीसम चालू होतं. मेमटेस्ट रात्रभर ठेवली, रॅमच्या एका स्टिकवर चुका निघाल्या. ती काढली. दुसऱ्या मशीनवर प्रत काढून कानाला हेडफोन लावून ६९ मिनिटं ऐकली, शेवटी आई पाणी मागते तिथपर्यंत. सगळं आहे. दोन वेगळ्या डिस्कवर प्रती ठेवल्या, मग मूळ फाइल ट्रंकेट केली. त्या स्टिकच्या काळात सेव्ह झालेल्या बाकीच्या फाइली आता एकेक करून तपासतेय.