बी विंगच्या डब्यातली काच

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. आज सकाळी कचरा घेताना मावशींच्या तळहाताला काच लागली. बी विंगमधल्या एका कॅरी बॅगेत कांद्याच्या सालींखाली फुटलेला ग्लास होता. वॉचमनने दवाखान्यात नेलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलंय. पिशवी कोणाची होती ते विचारत नाही.

बी-४०३: अरेरे. ग्लोव्ह्ज घालत नाहीत का त्या?

ए-२०४: घालतात काका. काच रबरातून आरपार जाते. आणि पिशव्यांच्या गाठी ग्लोव्ह्ज घालून सुटत नाहीत.

बी-४०३: पण पिशव्या उघडायच्याच कशाला?

ए-२०४: ओला-सुका एकत्र दिला तर पुढे गाडीवर घेत नाहीत. मग मावशी पार्किंगच्या कोपऱ्यात बसून हाताने निवडतात. बाटल्या, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या भंगारात विकून त्यांना चार पैसे मिळतात. तेच आमटीत भिजून आलं तर भंगारवाला घेत नाही.

सी-१०२: शुभ सकाळ! दुसऱ्याला मान द्या, मान मिळवा. (फॉरवर्डेड)

ए-२०४: काकू, वेळ अचूक साधलीत.

बी-३०१: काचेचं झालं, आता एक मी लिहिते, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही. सॅनिटरी पॅड आणि डायपर उघडे टाकले जातात. कागदात किंवा पाकिटात नीट गुंडाळून द्यायचे, असं २०१६ पासून घनकचरा नियमांतच आहे. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेने लाल ठिपक्याची मोहीम याचसाठी काढली. पुडीवर लाल पेनने गोल काढायचा, म्हणजे ती उघडून बघावी लागत नाही.

बी-४०३: सूचना मान्य. पण आम्ही मावशींना दरवर्षी दिवाळीला साडी देतो. मान ठेवत नाही असं नाही.

बी-३०१: साडी द्याच हो काका. पण परवा तुमच्या मजल्यावरून ट्यूबलाइट आली होती, डब्यात उभी खोचलेली.

बी-४०३: ती आमची नव्हे. समोरच्यांची असेल.

बी-४०४: समोरचे म्हणजे आम्हीच ना? आमच्याकडे सगळे एलईडी बल्ब आहेत काका.

ए-५०१: बाबा आढावांच्या पुढाकाराने १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तेव्हा मी नोकरीत होतो. तेव्हा या बायका कचराकुंडीत उतरून कागद-पत्रा वेचायच्या. पुढे २००८ च्या सुमारास ‘स्वच्छ’ सुरू झाली, मग रीतसर दारोदार यायला लागल्या. कुंडीतून त्या बाहेर आल्या आणि आपण तीच कुंडी बादलीत भरून त्यांच्या हातात देतोय.

सेक्रेटरी: बरोबर, आजोबा. तर उद्यापासून फुटकी काच जाड कागदात गुंडाळून, वर ‘काच’ लिहून डब्याच्या बाजूला ठेवायची. ट्यूब, बल्ब, इंजेक्शनच्या सुया वॉचमनजवळच्या खोक्यात. बाटल्या-डबे विसळून. आणि भरलेल्या बादल्या घेऊन मावशी लिफ्टमध्ये आल्या तर नाकं मुरडू नका. वास आपल्याच घरातला आहे.

ए-१०१: शहाळं ओल्यात टाकायचं की सुक्यात?

ए-२०४: उद्या मावशींची सून येणार आहे, तिलाच विचारा. आणि सकाळी कोणीतरी खाली थांबा, तिला आपले विंग माहीत नाहीत.

बी-४०४: मी थांबतो. किती वाजता येते?