संगीत नाटक पडलं तर त्यात काम करणाऱ्याने काय करायचं? अनुभव सांगा

ऐरोलीकर_मुलगी:
नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून नाटक करते, आणि पहिल्यांदाच व्यावसायिक संगीत नाटकात मोठं काम मिळालंय, अकरा पदं आहेत त्यातली चार माझी. सहा प्रयोग झाले. गेल्या रविवारी वाशीला भावे नाट्यगृहात मागच्या रांगा पूर्ण रिकाम्या, ठाण्याला गडकरीला त्यामानाने बरी गर्दी होती पण त्यात पासवालेच जास्त. निर्माते स्पष्ट काही बोलत नाहीत, अजून दोन तारखा हातात आहेत, विंगेत मात्र सगळे कुजबुजतात की बंद होणार. आई म्हणते मनाला लावून घेऊ नकोस पण लागतंच ना, चार महिने ऑफिस सुटलं की थेट कोपरखैरण्याच्या हॉलवर तालीम केलीय. इथे कुणी न चाललेल्या संगीत नाटकात काम केलंय का? पुढे काय झालं तुमचं? आणि उरलेल्या दोन प्रयोगांत मी काय करू?

पाचपाखाडीची_ताई:
अगं वाचलं आणि राहवेना म्हणून आत्ता साडेअकराला लिहायला बसले. मी केलंय. २००४ ची गोष्ट, नऊ प्रयोग. नाव नाही लिहीत, त्यातली बरीच मंडळी अजून या क्षेत्रात आहेत.

शुभारंभ गडकरीलाच, रात्री साडेआठचा. नांदीला टाळ्या अशा पडल्या की मला वाटलं शंभर प्रयोग कुठे जात नाहीत. पण चौदाच्या चौदा पदं ठेवलेली, एकही कापायला दिग्दर्शक तयार नव्हते, आणि पावणेबारा वाजले तरी आम्ही तिसऱ्या अंकातच. ठाण्यात नाटकाला कल्याण-डोंबिवलीची माणसं येतात, त्यांना ट्रेन गाठायची असते. माझी भैरवी सुरू झाली आणि समोरून खट, खट ऐकू यायला लागलं. माणूस उठला की खुर्चीची बैठक वर आपटते ना, तो आवाज. अंधारात चेहरे दिसत नाहीत पण हा आवाज बरोबर कळतो, मी आलापात होते आणि मनात मोजत होते. अजूनही नाटक बघताना कुणी मध्येच उठलं तर माझ्या पोटात गोळा येतो.

दुसरं दुखणं पट्टीचं, म्हणजे पेटीवरच्या कुठल्या सुराला 'सा' धरून गायचं त्याचं. माझी काळी चार, नायकाची काळी एक, आणि चाली बांधलेल्या तिसऱ्याच मुलीसाठी, ती तालमीतून सोडून गेली म्हणून मी आले. युगुलगीतात एक तर मी खाली घोगरी नाहीतर तो वर ताणून. आमच्या ऑर्गनवाल्या काकांनी मग बसल्या जागी कडव्याकडव्याला पट्टी बदलून वाट काढली, कुणी सांगितलंही नव्हतं. त्यांची नाईट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, माझ्यापेक्षा कमी होती आणि शेवटच्या तीन प्रयोगांची तर मिळालीच नाही, हे मला फार उशिरा कळलं, तेव्हा कळलं असतं तर भांडले असते मी.

वाशीच्या प्रयोगाला साठेक माणसं. मॅनेजरने सगळ्यांना पुढे आणून बसवलं. पहिल्याच अंकात गालाला चिकटवलेला माईक घामाने सुटला, विंगेत काढून दिला आणि तशीच गायले, लोक इतके जवळ होते की आवाज पुरला. एका पदाला वन्स मोअर आला. मला काय करायचं कळेना, तालमीत वन्स मोअरची तयारी कोण करतं! काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ मुखडा धरला, आणि दुसऱ्यांदा ते पद मी वेगळंच गायले, सुरांच्या जागा वेगळ्या सुचत गेल्या. तसं गाणं नंतर माझ्याकडून झालं नाही.

शेवटचा प्रयोग शेवटचा आहे हे कुणी सांगितलंच नाही. "तारखा मिळाल्या की फोन करतो" एवढंच. मी सहा महिने रोज रियाज करून गळा तयार ठेवला होता.

आणि हे नीट वाच. आमच्याकडे रेकॉर्डिंग नाही. शब्दांची वही आहे, पण चौदातल्या पाच चाली मला पूर्ण येतात, बाकीच्यांचे नुसते मुखडे. काका २०११ ला गेले, संगीतकारांना फोन केला तर त्यांनाही आठवत नाहीत. नाटक पडल्याचं आता काही वाटत नाही गं, पण त्या चाली आठवेनात की जीव तुटतो. तू रेकॉर्ड करून ठेव, दोन प्रयोग व्हायची वाट बघू नकोस.

घोडबंदर_रसिक:
ताई, शेवटचं वाचून गलबलून आलं. त्यालाच जोडून सांगतो. न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या व्यावसायिक रंगभूमीवर, १९८१ साली संगीतकार सॉन्डहाइमचं 'मेरिली वी रोल अलाँग' हे संगीत नाटक आलं. नट सगळे कोवळे, गोष्ट उलट्या क्रमाने मागे मागे जाणारी, कोण कोण आहे तेच लोकांना कळेना म्हणून अंगातल्या स्वेटशर्टवर लिहून ठेवायची वेळ आली. रीतसर सुरू झाल्यावर १६ प्रयोगांत बंद. पण बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तीच मंडळी स्टुडिओत जाऊन सगळी गाणी रेकॉर्ड करून आली. विचार करा काय मनःस्थिती असेल. ती रेकॉर्ड लोक ऐकत राहिले, नाटकावर पुन्हा पुन्हा काम होत गेलं, २०२३ ला ते ब्रॉडवेवर परत आलं, तुफान चाललं आणि २०२४ ला पुनरुज्जीवित संगीतिकेचं टोनी, म्हणजे तिथलं नाटकांचं मोठं पारितोषिक, मिळालं. मूळ संचातल्या लॉनी प्राइसने जुन्या सोबत्यांना गाठून २०१६ मध्ये माहितीपटही केलाय, जमलं तर नक्की बघ.

कळवा_साउंड:
वीस वर्षं नाटकांना साउंड देतोय. आधी एक, संगीत नाटक पडलं म्हणजे वाईटच होतं असं समजू नकोस. चार पात्रांच्या विनोदी नाटकाचं अर्ध्या थिएटरमध्ये भागतं, इथे साथीदार, जास्तीची माणसं, मोठी बस, माईक, प्रत्येक प्रयोगाचा खर्चच वर.

आता रेकॉर्डिंग. प्रयोगात मिक्सरवरून थेट काढू नका, ऑर्गन-तबला हॉलमध्ये असाच ऐकू येतो म्हणून आम्ही तो कमी उचलतो, फाईलमध्ये नुसता गळा येईल. तालमीच्या हॉलवरच करा, पंखे बंद, एक मोबाईल ऑर्गनजवळ, एक तबल्यापासून चार हातांवर, एक तुझ्यासमोर. सुरुवातीला एक जोरात टाळी वाजवा म्हणजे नंतर तिन्ही जुळवता येतात. प्रत्येक पदाआधी पट्टी, ताल आणि प्रवेश कुठला ते तोंडाने बोला. संगीतकार आणि गीतकाराला आधी विचारा, आणि साथीदारांना त्या दिवसाचे पैसे द्या, वर्गणी काढा हवं तर.

ऐरोलीकर_मुलगी:
काल रात्री सगळं दोनदा वाचलं, रडले पण. संगीतकारांना फोन केला तर म्हणाले मी स्वतः येतो, गीतकारही हो म्हणाले, तबलजी आणि ऑर्गनवाले पण तयार आहेत, आम्ही सहा जणांनी पैसे जमवलेत. मंगळवारी दुपारी हॉल मिळालाय. ताई, तुम्ही पाच चाली पूर्ण येतात म्हणालात ना, त्या पण त्याच दिवशी करूया का? स्टेशनपासून चालत दहा मिनिटं आहे, मी घ्यायला येते.

पाचपाखाडीची_ताई:
तुमच्या ऑर्गनवाल्यांना विचार काळी चारमध्ये वाजवतील का. वही घेऊन येते. आणि ज्यांचे नुसते मुखडे येतात तेही गाईन, तेवढे तरी राहू देत.