लोकसंख्या सारखी, तरी गोम आहेच
‘सगळ्या प्रभागांची लोकसंख्या सारखी ठेवली की तक्रारीला जागाच उरत नाही’ हे प्रभागांच्या सीमा आखण्याबद्दलचं म्हणणं काही पटलं नाही. कागद-पेन्सिल घ्या. 50 मतदार, 5 प्रभाग, प्रत्येकी 10. ‘अ’ पक्षाकडे 30 मतं, ‘ब’कडे 20. आता रेषा अशा ओढा की दोन प्रभागांत ‘अ’चे 9-9 मतदार कोंबले जातील आणि उरलेल्या तिन्हींत 4-4 च येतील. झालं! 20 मतंवाला ‘ब’ 3 जागा घेऊन गेला. लोकसंख्या मात्र काट्यावर समान.

खेळ जुनाच आहे. 1812 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी सही केलेल्या रचनेतला एक मतदारसंघ सॅलमँडरसारखा (पालीसारखा दिसणारा प्राणी) वेडावाकडा होता, त्यावरून, गेरी आणि सॅलमँडर जोडून, अशा सोयीच्या रेषा ओढण्याला ‘जेरीमँडरिंग’ हा शब्द पडला. (गेरी स्वतः त्याच वर्षी गव्हर्नरपद हरले. त्या निवडणुकीत सगळं राज्यच एक मतदारसंघ, तिथे रेषा कुठे ओढणार?)

म्हणून नव्या प्रभागरचनेवर हरकत नोंदवताना ‘आमची गल्ली पलीकडे गेली’ एवढ्यावर थांबू नका. जुना आणि नवा नकाशा एकावर एक ठेवा, हललेल्या गल्ल्या रंगवा, आणि बूथनिहाय आकडे मिळत असतील तर तिथली मागची मतं शेजारी लिहा.