सोयाबीनच्या भुसकटावर अमायलेज: ४८ तासांनंतर क्रियाशीलता का घसरते?

प्रश्न (एमएस्सीचा विद्यार्थी, लातूर)
आमच्या भागात मळणीनंतर सोयाबीनचे भुसकट बांधावर पडून राहते किंवा जाळले जाते, म्हणून त्यावर जिवाणू वाढवून अमायलेज (स्टार्च तोडणारे विकर) तयार करण्याचा प्रकल्प मी घेतला आहे. डाळ मिलजवळच्या मातीतून मिळालेला बॅसिलस हा जिवाणू स्टार्चच्या प्लेटवर आयोडीन ओतताच स्वच्छ वलय दाखवतो, म्हणजे तेथील स्टार्च तो पचवतो. परंतु भुसकट व तुरीची चुनी (डाळ करताना उरणारा कणी-टरफलांचा चुरा) निम्मी-निम्मी घेऊन ३७ अंशांवर ठेवलेल्या फ्लास्कमध्ये ४८ तासांनंतर क्रियाशीलता झपाट्याने खाली येते. फ्लास्क उघडताच अमोनियाचा उग्र दर्प येतो आणि काडी बुडवून उचलली तर चिकट तार सुटते. चूक कोठे होत असावी?

उत्तर (नांदेड)
वास आणि तार आपण टिपून ठेवली, हे फार बरे झाले. चुनीत प्रथिने बरीच असतात. बॅसिलस ती प्रोटिएज या प्रथिने तोडणाऱ्या विकराने तोडून वापरतो तेव्हा अमोनिया सुटतो, सामू (पीएच) चढतो आणि तेच प्रोटिएज आपले अमायलेजही, तेही प्रथिनच असल्याने, पचवू लागते. तार बहुधा बॅसिलस तयार करतो त्या पॉलिग्लुटामिक आम्ल या चिकट पदार्थाची असावी. नाट्टो या आंबवलेल्या सोयाबीनच्या जपानी पदार्थाला तार सुटते ती यामुळेच. साय काढलेल्या दुधाची एक प्लेट लावून पाहावी; प्रोटिएज असेल तर तिच्यावर स्वच्छ वलय दिसेल. चुनी कमी करून गव्हाचा कोंडा वाढवावा आणि २४ तासांपासून दर बारा तासांनी नमुना घ्यावा. जिवाणूंना बुरशीपेक्षा ओलावा जास्त लागतो, तरीही माध्यम मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, बोटांतून पाणी गळू नये.

उत्तर (परभणी)
मोजणी डीएनएस पद्धतीने (सुटलेली शर्करा रंगावरून मोजून) करीत असाल, तर उकळून निष्क्रिय केलेला अर्क नियंत्रण म्हणून अवश्य ठेवावा, कारण अर्कात मुळातच थोडी शर्करा असते.

माझा आक्षेप मात्र मूळ निवडीवर आहे. भुसकटात स्टार्च नगण्य असतो. त्यात सेल्युलोज, झायलन आणि लिग्निन हे वनस्पतीच्या पेशीभित्तिकेतले घटक असतात. आपले अमायलेज चुनीतल्या डाळीच्या कणीवर येत आहे, आणि चुनी तर दुभत्या जनावरांसाठी पैसे मोजून विकत घेतली जाते. तिला टाकाऊ म्हणणे मला पटत नाही. भुसकटच वापरायचे असेल तर झायलनेज (झायलन तोडणारे विकर) घ्यावे, ज्याने कागदाच्या लगद्याच्या विरंजनात, म्हणजे तो पांढरा करताना, क्लोरीन कमी लागते. लगदा अल्कधर्मी असतो, त्यामुळे जालन्यापलीकडच्या लोणार सरोवरातले, सामू १० च्या आसपास वाढणारे बॅसिलस तपासण्याजोगे आहेत.

प्रश्नकर्ता
दुधाची प्लेट लावली. तिच्यावरचे वलय स्टार्चच्या वलयापेक्षा मोठे आले आहे. पुढचे फ्लास्क चुनीशिवाय, भुसकट व कोंड्यावर लावत आहे आणि झायलनच्या प्लेटही सोबत ओतत आहे.