लाळेतल्या अमायलेजचा प्रयोग: 80 अंशांच्या नळीतही स्टार्च पचल्यासारखा का दिसतो?

जीवशास्त्र_परभणी:
अकरावीच्या प्रॅक्टिकलला अमायलेजवर (लाळेतलं स्टार्च पचवणारं विकर, म्हणजे एन्झाइम) तापमान आणि सामूचा (pH) परिणाम दाखवायचा आहे. प्रत्येक नळीत 1 टक्क्याचा स्टार्च 5 मिली, त्यात लाळ 1 मिली, आणि दहा मिनिटांनी नळीतच आयोडीनचे दोन थेंब. वॉटर बाथ 80 अंशांवर असताना विकर निकामी व्हायला हवं, तरी निळा रंग येत नाही. कॉस्टिक सोडा घातलेल्या नळीतही तेच. शिवाय 'खोलीचं तापमान' आणि 37 अंश या नळ्यांत फरकच दिसत नाही. लाळ एकाच मुलाची, स्टार्च एकाच भांड्यातला. चूक कुठे होतेय?

काचनळी:
सर, विकरावर शंका घेण्याआधी आयोडीन तपासा. स्टार्चच्या मळसूत्रासारख्या साखळीत आयोडीन अडकलं की निळा रंग दिसतो. गरम द्रावणात ते सुटतं आणि रंग जातो. तुमची 80 अंशांची नळी आयोडीन घातल्यावर तशीच गार पाण्यात धरा. तळापासून निळी झाक चढत आली तर स्टार्च जागच्या जागी आहे, पचलेला नाही. कॉस्टिकच्या नळीत वेगळं घडतं: अल्कलीत आयोडीनच खर्ची पडतं. पांढऱ्या टाइलवर आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब, त्यावर नमुना, मग आयोडीन. रंग परत येतो.

म्हणून आयोडीन नळीत कधीच घालू नका. टाइलवर आयोडीनचे थेंब ओळीने मांडा, दर 30 सेकंदांनी नळीतला एक थेंब त्यात सोडा. निळा-काळा, मग तांबूस (तिथे डेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चचे अर्धवट तुटलेले तुकडे असतात), मग नुसता आयोडीनचा पिवळा. पिवळा कायम राहिला की तो वेळ टिपा. आलेख काढताना 1 भागिले वेळ घ्या, कारण जास्त वेळ म्हणजे कमी वेग आणि मुलं नेमकी तिथे उलटं समजतात.

प्रयोगशाळा_लातूर:
खोलीच्या तापमानाचं उत्तर तर बाहेरच्या उन्हात आहे. एप्रिलमध्ये आपल्याकडे खोलीच 38-40 अंशांवर असते, म्हणजे दोन्ही नळ्या एकाच तापमानाच्या. मडक्यातलं पाणी घालून 25 अंशांचं भांडं वेगळं करा आणि थर्मामीटर त्यातच ठेवा.

आणखी एक, स्टार्च व लाळ आधी वेगवेगळ्या नळ्यांत त्या-त्या तापमानाला दहा मिनिटं ठेवा, नंतरच मिसळा. गार लाळ 80 अंशांच्या स्टार्चमध्ये ओतली तर निकामी होईपर्यंतच्या थोड्या वेळात ती कामही उरकून घेते.

पाणी बोअरचं वापरता का? आपलं बोअरचं पाणी जड असतं. उकळलं की पांढरा थर बसतो, सामू वर सरकतो. डिस्टिल्डच घ्या, पण त्यात एक अडचण आहे: अमायलेजला क्लोराइड लागतं. लाळ फार पातळ केली की वेग घसरतो. नळीत 1 टक्क्याच्या मिठाच्या पाण्याचा 1 मिली घाला. सामूसाठी कॉस्टिकऐवजी बफर (सामू स्थिर ठेवणारं द्रावण) हवं. या विकराला 6.8 च्या आसपास मानवतं.

जीवशास्त्र_परभणी:
गार पाण्यात धरल्यावर निळा रंग खरंच वर आला! आता बर्फाच्या नळीचं विचारतो. तिथेही स्टार्च पचत नाही. मग ती आणि 80 अंशांची नळी, दोन्हींत विकर 'मेलं' असंच लिहायचं का?

काचनळी:
नाही. विकर सजीव नसतं. ते प्रथिन आहे आणि त्याचं सगळं काम रेणूच्या घडीवर, म्हणजे दुमडलेल्या आकारावर चालतं. घडीतल्या खाचेत स्टार्चची साखळी बसते, खाच तिच्याभोवती किंचित आवळते (1958 साली जीवरसायनशास्त्रज्ञ कोशलंडने मांडलेली कल्पना), आणि बंध तुटायला लागणारी ऊर्जा कमी होते. थंडीत घडी शाबूत राहते, रेणूंची टक्कर तेवढी मंदावते. 80 अंशांना घडीच उलगडते. दोन्ही नळ्या 37 अंशांच्या बाथमध्ये हलवा, पंधरा मिनिटं तपासत राहा: बर्फाची नळी पिवळी होते, दुसरी निळीच राहते. बहुतेक जण ही पायरी सोडून देतात, पण प्रयोगाचा गाभा हाच आहे.

प्रयोगशाळा_लातूर:
आदल्या दिवशी मात्रा ठरवा. चूळ भरून घेतलेली लाळ कापसातून गाळा, 1 मिलीत 9 मिली पाणी. 37 अंशांना पिवळा यायला 4 ते 8 मिनिटं लागली पाहिजेत. मिनिटाभरात आला तर आणखी पाच पट पातळ करा. नाहीतर वेगातला फरक टिपायला वेळच उरत नाही. एका मुलाची लाळ दुसऱ्यासारखी काम करत नाही, तेव्हा प्रत्येक बॅचला ही चाचणी नव्याने.