ड्रिप, क्लिप, टिप, व्हिप

दवाखान्यात ‘ड्रिप लावलीय’ असं कळलं की घरचे धास्तावतात. बारामतीकडच्या शेतकऱ्याची ड्रिप म्हणजे उसाचं ठिबक. आणि एफसी रोडवर कॉलेजची पोरं एकमेकांच्या बुटांकडे बघत ‘काय ड्रिप आहे भावा!’ म्हणतात, तेव्हा अर्थ एवढाच, की कपडेलत्ते झकास जमलेत. हा अर्थ अमेरिकी हिप-हॉपमधून आला. गंमत अशी, की तिकडच्याच जुन्या बोलीत ‘ड्रिप’ म्हणजे मिळमिळीत, कंटाळवाणा माणूस. तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या इंग्रज पाहुण्याचं कौतुक करताना हा शब्द टाळलेला बरा.

अशा आखूड, यमक जुळणाऱ्या शब्दांचा अर्थ पाहताना एक गोष्ट हमखास निसटते. छापील इंग्रजी कोशात तेच स्पेलिंग दोन-तीनदा वेगवेगळी नोंद म्हणून येतं, शेजारी बारीक आकडा असतो. आधी तो आकडा बघावा. वेगळा आकडा म्हणजे बहुधा वेगळं कूळ. नुसतं आडनाव सारखं.

‘क्लिप’ घ्या. एक क्लिप जुन्या इंग्रजीतल्या मिठी मारणे या अर्थाच्या क्रियापदातून आली. केसांची क्लिप, कागदांची क्लिप, शाळकरी पोरांच्या ‘दातांना क्लिपा’, या सगळ्या धरून ठेवणाऱ्या. दुसरी आली स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतून, तिचा अर्थ कापणे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी व्हिडिओ क्लिप ही त्यातली, मोठ्या चित्रफितीतून कापलेला तुकडा. म्हणजे एक जोडते, दुसरी तोडते, आणि मराठीत आपण दोघींना एकाच वेणीत गुंफलं.

‘टिप’ची तर तीन घराणी आहेत. टोक हे एक. बोटाचं टोक, बॉलपेनची टिप. कलंडणे हे दुसरं. वाळू ओतणारा टिपर तिथून आला. तिसरी वेटरला द्यायची. हिच्याबद्दल एक फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय, की ‘तत्पर सेवेची खात्री’ अशा अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरं. साफ खोटं. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या चोर-भामट्यांच्या बोलीत ‘टिप’ म्हणजे देणे, हातावर टेकवणे. बक्षिशीचा अर्थ त्यातूनच पुढे रुळला. आज पंचतारांकित हॉटेलात सभ्यपणे उच्चारला जाणारा शब्द मुळात गुत्त्यातला आहे. ‘हे स्लँग आहे, कोशात नाही’ असं म्हणून पोरांना गप्प करणाऱ्यांना हे ऐकवायला हरकत नाही.

आद्याक्षरांची प्रत्येक गोष्ट खोटीच असते असंही नाही. अमेरिकेचा झिप कोड १९६३ साली आला तो खरोखरच ‘झोन इम्प्रूव्हमेंट प्लॅन’ या नावावरून. पॅन्टच्या झिपचा त्याच्याशी काही संबंध नाही. तो सरकन होणाऱ्या आवाजाचा शब्द. तुळशीबागेत तिला आपण बहुतेक जण ‘चेन’च म्हणतो. अमेरिकी बोलीत झिप म्हणजे शून्य, काहीही नाही. शोकसंदेशातलं आरआयपी हेसुद्धा खरंच आद्याक्षरांचं, लॅटिन प्रार्थनेतलं. फाडणे या अर्थाच्या ‘रिप’शी ते जोडू नये.

खरी मजा ‘व्हिप’मध्ये आहे. केकवाल्या ताईंचं व्हिप क्रीम म्हणजे घुसळून फुलवलेलं. अमेरिकी पोरांच्या बोलीत व्हिप म्हणजे मोटार, तीही जरा दिमाखदार. आणि आपल्या वर्तमानपत्रात ‘पक्षानं व्हिप बजावला’. हा ब्रिटनमधल्या कोल्ह्याच्या शिकारीतून संसदेत शिरला. कुत्र्यांचा कळप भरकटू नये म्हणून चाबूक घेऊन असणारा माणूस तो ‘व्हिपर-इन’. आमदारांना ही उपमा कशी वाटते, कोण जाणे! मराठीनं त्यासाठी ‘प्रतोद’ हा संस्कृत शब्द उचलला. त्याचाही अर्थ पराणी, चाबूक असाच. या प्रतोदानं काढलेल्या पक्षाच्या आदेशालाही व्हिपच म्हणतात. आदेशाखाली जितक्या रेघा, तितका तो कडक. तीन रेघांचा असला की हजर राहून पक्ष सांगेल तसंच मत द्यायचं. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनं पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट आलं, तेव्हापासून व्हिप मोडला तर सदस्यत्वावर गदा येऊ शकते. हा प्रतोद नेमायचा कुणी, विधिमंडळातल्या गटानं की मूळ राजकीय पक्षानं, हे सर्वोच्च न्यायालयाला मे २०२३ मध्ये महाराष्ट्राच्याच खटल्यात सांगावं लागलं: राजकीय पक्षानं. बातमीत एकाच ओळीत ‘व्हिप’ आदेशालाही वापरतात आणि तो काढणाऱ्यालाही, त्यामुळे गोंधळ होतो. माणसासाठी ‘प्रतोद’ आणि कागदासाठी ‘पक्षादेश’ लिहिलं तर वाचणाऱ्यावर उपकार होतील.

जाता जाता आपल्या ‘टीप’विषयी. शिंपी मशीनवर मारतो ती टीप, तळटीप, टीपकागद, टिपून घेणे, हे सगळं अस्सल मराठी. वेटरच्या टिपशी नातं नाही. ही टीप दीर्घ लिहावी, ती टिप ऱ्हस्व. नाहीतर लग्नपत्रिकेच्या तळाशी ‘टिप : कृपया आहेर आणू नये’ असं छापून येतं, आणि नेमकं काय न्यायचं ते कळत नाही.